डोंगरगावचा डायनासोर: सहावीच्या एका वर्गाने केलेल्या सचित्र अहवालाचा प्रकरण अभ्यास

चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यातलं पिसदुरा हे गाव भूशास्त्राच्या जगात दीडशे वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. नागपूरला मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आजही आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथले जीवाश्म गोळा केले. पुढेही इथे डायनासोरची हाडं, कासवांची कवचं, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि दगड झालेली विष्ठा सापडत राहिली. जवळच्याच डोंगरगावच्या टेकडीतून १९८० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी लांब मानेच्या एका डायनासोरचा सांगाडा बाहेर काढला. त्याचं शास्त्रीय वर्णन १९९७ साली प्रसिद्ध झालं आणि २००३ साली त्याला स्वतंत्र नाव मिळालं: इसिसॉरस कोलबर्टी. 'इसि' ही त्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, आणि कोलबर्टी हे एडविन कोलबर्ट या अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञाच्या सन्मानार्थ.

याच तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या एका उच्च प्राथमिक शाळेत मी सहावीला शिकवते. आमच्या वर्गाने या प्राण्यावर सचित्र अहवाल तयार करून तो पालकांसमोर मांडला, त्या कामाची ही नोंद आहे. प्रागैतिहासिक जीवनावर मुलांकडून प्रकल्प करून घेणाऱ्या शिक्षकांना ती उपयोगी पडेल असं वाटतं. वर्गातली बहुतेक मुलं कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या घरांतली, काहींचे वडील कोळसा खाणीत कामाला. वर्गात मोबाइलवर पाहिलेल्या डायनासोरची माहिती सगळ्यांना होती. डोंगरगावच्या सांगाड्याची एकालाही नव्हती.

पहिला तक्ता

काम सुरू करताना मी काहीच सांगितलं नाही. चार-पाच मुलांचा एक गट आणि प्रत्येक गटाला एक कार्डशीट दिलं. 'आपल्या तालुक्यात फार पूर्वी डायनासोर होता, तो आणि त्याचा परिसर काढा आणि खाली माहिती लिहा', एवढीच सूचना. जे आलं त्यात गट बदलला तरी फारसा फरक नव्हता. मोठे दात दाखवत गुरगुरणारा टी-रेक्स. मागे शंकूच्या आकाराचा डोंगर, त्याच्या टोकातून धूर आणि लालभडक लाव्हा. नारळाची झाडं. एका तक्त्यावर कातडं नेसलेला माणूस दगडी कुऱ्हाड घेऊन उभा होता. खालची माहिती दुकानात मिळणाऱ्या तयार चार्टवरची किंवा मोबाइलवरून उतरवलेली, आणि वाचून दाखवायला सांगितल्यावर मुलं ती एका दमात, श्वास न घेता म्हणून गेली.

चित्रं सुंदर होती. पण त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीबद्दल विचारण्यासारखं काही होतं. टी-रेक्स इसिसॉरसच्याच सुमारास, साधारण ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला खरा, पण उत्तर अमेरिकेत. भारत तेव्हा चहूबाजूंनी समुद्र असलेला, विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून उत्तरेला सरकत चाललेला भूभाग होता. टी-रेक्स वरोऱ्याला पोचण्याचा काही मार्ग नव्हता. दख्खनचा लाव्हा एका उंच शंकूतून उसळला नाही. तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वाहिला आणि थरावर थर देत पसरला. आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. आमच्या कापसाची काळी माती त्याचीच झालेली. आणि माणूस तर त्या चित्रात कोट्यवधी वर्षं आधीच येऊन उभा राहिला होता. तो कुठून आला हे मुलांनीच सांगितलं: पाचवीच्या पुस्तकात अश्मयुग होतं, आणि एका मुलाने चंद्रपूरच्या पापामिया टेकडीवर दगडी हत्यारं मिळाल्याचं ऐकलं होतं. 'खूप जुनं' या एका पेटीत त्याने दोन्ही गोष्टी ठेवल्या होत्या.

यातून माझ्यापुरतं एक स्पष्ट झालं. खाली लिहिलेल्या मजकुरातली चूक दिसते, पकडता येते. चित्रातली चूक सहज निसटते, कारण चित्राला कुणी काही विचारत नाही. मूल 'डायनासोर हिरवा होता' असं वाक्य लिहायला बिचकेल, पण हिरवा खडू उचलताना क्षणभरही थांबत नाही. म्हणून आमच्या कामात मजकूर नंतर आणि चित्र आधी घ्यायचं ठरलं. आणि चित्रातल्या प्रत्येक रेघेला एकच प्रश्न विचारायचा: कशावरून?

रेघेचे तीन प्रकार

डोंगरगावच्या सांगाड्यात मानेचे, पाठीचे, कमरेचे आणि शेपटीचे मणके आहेत. बरगड्या, कमरेची हाडं, खांद्याचं हाड आणि एका पुढच्या पायाची हाडं आहेत. कवटी सापडलेली नाही. ही यादी मी फळ्यावर लिहिली आणि मुलांना म्हटलं, आता काढा.

पाच मिनिटांत मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, याचं तोंड कायच्यावरून काढायचं जी?"

पुढचे सगळे तास त्या प्रश्नावर उभे राहिले. आम्ही तीन प्रकारच्या रेघा ठरवल्या. हाड प्रत्यक्ष सापडलं असेल तर काळी ठळक रेघ. हाड सापडलं नाही, पण त्याच्या नात्यातल्या दुसऱ्या प्राण्याचं सापडलं असेल, तर निळी तुटक रेघ, आणि तो नातेवाईक कोण हे शेजारी लिहायचं. यातलं काहीच नसेल, निव्वळ आपल्याला वाटतं म्हणून काढायचं असेल, तर साधी शिसपेन्सिल. त्यावर स्केचपेन फिरवायचं नाही.

डोक्यासाठी मादागास्करचा रापेटोसॉरस उपयोगी पडला. २००१ साली त्याचं वर्णन झालं; लांब मानेच्या डायनासोरच्या ज्या गटात इसिसॉरस मोडतो, त्याच गटातला तो, आणि त्याच्या कवटीची हाडं मिळालेली आहेत. भारत आणि मादागास्कर साधारण ९ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांना जोडलेले होते. म्हणजे नातं नुसतं शरीराचं नव्हे, जमिनीचंही आहे. हे नकाशावर दाखवल्यावर एका गटाने निळ्या तुटक रेघेत डोकं काढलं आणि खाली लिहिलं: 'डोकं मादागास्करच्या नातेवाइकावरून.'

रंगाचा वाद मात्र लांबला. काही डायनासोरच्या पिसांत रंगकणांचे अवशेष टिकले आणि २०१० पासून त्यांवरून त्यांचे रंग सांगता येऊ लागले, हे मी सांगितलं होतं. मग इसिसॉरसचा का नाही? कारण त्याची त्वचाच मिळालेली नाही. दोन गटांनी तो कोरा ठेवला. एका गटाने पेन्सिलीने छटा दिली आणि कडेला 'रंग आमचा' असं लिहिलं. एक गट शेवटपर्यंत अडून बसला, की रंग नसेल तर पालक बघणारच नाहीत. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांना मी रंगवू दिलं, फक्त 'रंग आमचा' ही पट्टी मोठ्या अक्षरांत, अगदी पोटाखाली चिकटवायला लावली. सचित्र अहवालात कल्पनेला मज्जाव नसावा असं माझं ठाम मत आहे. कल्पना कुठे सुरू होते ते बघणाऱ्याला दिसलं की झालं.

मांसाहारी डायनासोर हवाच होता. त्याशिवाय सहावीच्या मुलांचं समाधान होत नाही. गुजरातमधल्या बालासिनोरजवळच्या राहिओलीत सापडलेल्या राजासॉरसला २००३ मध्ये नाव मिळालं. तो याच काळातला आणि लॅमेटा नावाच्या याच खडकांच्या मालिकेतला. पण सापडला तो गुजरातेत. मग वरोऱ्याच्या चित्रात त्याला आणायचा का? मुलांनी तोडगा काढला: तो निळ्या तुटक रेघेत, चित्राच्या पश्चिम कडेला, अर्धाच आत आलेला. शेजारी बाण आणि 'गुजरातकडून'. हा तोडगा मला स्वतःला सुचला नसता.

गवत

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग गवताचा, म्हणून त्यावर थोडं थांबते.

वर्षानुवर्षं डायनासोरच्या चित्रांत गवत काढायचं नाही असा दंडक होता. गवत डायनासोर संपल्यानंतर पसरलं असं मानलं जाई. एका मुलीने पहिल्याच तक्त्यात इसिसॉरसच्या पायाशी गवत काढलं होतं. तिचं कारण साधं होतं: आमच्याकडे जमीन म्हटली की गवत आलंच. गटातल्या दुसऱ्या मुलाने मोबाइलवर वाचलेलं होतं, की डायनासोरच्या काळात गवत नव्हतं. त्याने ते खोडायला लावलं.

आणि नेमकं पिसदुऱ्यानेच हा दंडक मोडला होता. इथल्या विष्ठेच्या दगडांचं वर्णन १९३९ सालीच झालेलं होतं. पुढे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दगडांचा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. अनेक वनस्पतींच्या पेशींमध्ये सिलिकाचे, म्हणजे वाळूत असतं त्या खनिजाचे, बारीक कण तयार होतात, आणि वनस्पती कुजली तरी हे कण उरतात. बऱ्याच कुळांचे कण वेगळ्या आकाराचे असतात. पिसदुऱ्याच्या दगडांत ताडकुळातल्या आणि इतर झाडांच्या कणांसोबत गवताचे कण निघाले, तेही एका नव्हे, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. २००५ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. डायनासोर असताना गवत होतं, आणि त्यांच्यातल्या कुणीतरी ते खाल्लंही होतं, याचा पुरावा वरोरा तालुक्यातून मिळाला.

हे वर्गात सांगणं सोपं नव्हतं. सिलिका हा शब्दच मुलांना नवा. पण गवताचं पातं ओढताना बोट कापतं हे प्रत्येकाला माहीत होतं, आणि धानाच्या तुसाच्या राखेने भांडी चकचकीत निघतात हे घरच्या आयाबायांकडून ऐकलेलं होतं. दोन्हींत सिलिकाचा हात आहे. बांधावरचं गवत वर्गात आणलं, पात्याच्या कडेवरून बोट हळूच उलटं फिरवलं. मग कणांचे मोठे केलेले फोटो दाखवले. डमरूसारखा, खोगिरासारखा, अशी नावं मुलांनीच दिली.

यानंतर ज्या मुलाने गवत खोडायला लावलं होतं, त्याने तिला विचारलं, "तुले आधीच मालूम होतं काय?" ती खरेपणाने म्हणाली, "नाही. मी तसंच काढलं होतं." मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. तिचं चित्र बरोबर होतं, पण त्यामागे पुरावा नव्हता. त्याची हरकत अभ्यास करून घेतलेली होती, पण जुनी झालेली. दोघांना मी समोरासमोर बसवून एकच काम दिलं: गवत परत काढा, आणि शेजारी असं वाक्य लिहा की परक्या माणसाला पटेल. त्यांनी लिहिलेलं वाक्य पुढे अहवालात जसंच्या तसं गेलं: 'पिसदुऱ्याच्या विष्ठेच्या दगडांत गवताचे कण सापडले, म्हणून आम्ही गवत काढलं आहे.'

इथे आणखी एक बारकावा आला. ती विष्ठा इसिसॉरसचीच कशावरून? त्याच परिसरात लांब मानेच्या डायनासोरची हाडं भरपूर मिळतात आणि काही दगड बरेच मोठे आहेत, म्हणून ती त्यांची मानली जाते. पण विष्ठेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, आणि अभ्यासकांतही याबाबत सावधपणा आहे. मुलांनी 'बहुधा' हा शब्द वाक्यात घातला. तो शब्द नेमका कुठे बसवायचा यावर अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास भाषेच्या तासातला धरायला माझी हरकत नाही.

याच दगडांत बुरशीचेही अवशेष सापडले आहेत: पानांवर करपा आणणाऱ्या आणि भुरी आणणाऱ्या बुरशींचे. हे ऐकल्यावर वर्ग एकदम जागा झाला. मिरचीवरचा करपा, वेलीवरची भुरी, त्यावरची फवारणी हे घरात रोज बोललं जाणारं. डायनासोरने खाल्लेल्या पानांवरही रोग होता ही गोष्ट त्यांना इतर कशाहीपेक्षा खरी वाटली, आणि झाडाची पानं करपलेली काढायची कल्पना लगेच आली. त्या तक्त्यातल्या झाडाच्या पानांवर तपकिरी ठिपके आहेत, आणि ते का आहेत हे सहावीतली मुलगी सांगू शकते.

दोर

काळ समजावण्यासाठी एक लांब दोर घेतला. १ मीटर म्हणजे १० लाख वर्षं. शाळेच्या पायरीपासून दोर सोडत गेलो. ३० सेंटिमीटरवर, म्हणजे मोठ्या फूटपट्टीएवढ्या अंतरावर, आपल्या जातीचा माणूस: सुमारे ३ लाख वर्षं. शिवरायांचा काळ त्या पट्टीवर अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पेन्सिलीचं टोकच त्याहून जाड. दोर मैदान ओलांडून गेला तेव्हा ६६ मीटरची खूण आली. डायनासोर संपले ते इथे, आणि इसिसॉरस त्याच्या जरा पलीकडे. दगडी कुऱ्हाडवाल्याला चित्रातून काढायला मला सांगावं लागलं नाही.

गडचिरोलीच्या सिरोंचाकडचे जीवाश्म काही मुलांनी ऐकले होते, आणि 'तेही डायनासोर, हेही डायनासोर' असं त्यांचं चाललं होतं. तिकडच्या कोटा खडकांतला बारापासॉरस हा इसिसॉरसच्या १० कोटींहून अधिक वर्षं आधीचा. इसिसॉरस आपल्यापासून जितका दूर, त्याहून तो बारापासॉरसपासून जास्त दूर. दोर तिथपर्यंत न्यायला जागाच नव्हती. एका मुलाला रस्त्यापलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर उभं केलं आणि सगळ्यांनी त्याला हाका मारल्या. खाणकामगाराच्या मुलाने विचारलं, कोळसा कुठे? आमच्याकडचा कोळसा डायनासोर जन्मण्याआधीच्या जंगलांचा, २५ कोटी वर्षांहून जुना. म्हणजे आणखी पुढे, दुसऱ्याच्या शेतात.

लांबीचंही असंच केलं. इसिसॉरसच्या लांबीचे अंदाज एकसारखे नाहीत. कुठे ११ मीटर, कुठे १८ मीटर. सांगाडा अपुरा आहे आणि उरलेला भाग अंदाजाने धरावा लागतो, म्हणून हा फरक. मुलांनी मैदानावर फक्कीने दोन्ही लांब्या आखल्या आणि अहवालात दोन्ही आकडे दिले. एकच आकडा देऊन ठामपणा आणण्याचा मोह शिक्षकांनाही होतो. तो टाळावा.

मजकूर

चित्र पक्कं झाल्यावर मजकूर जड गेला नाही. प्रत्येक रेघेचं एक वाक्य, एवढाच नियम. काळ्या रेघेचं वाक्य 'आहे' किंवा 'सापडलं' असं संपायचं, निळ्या रेघेचं 'असावं', पेन्सिलीचं 'आम्हाला वाटतं'. भडक विशेषणं, म्हणजे 'भयानक', 'महाकाय', 'क्रूर', मुलांनी स्वतःच कापली, कारण त्यांच्यापुढे कशावरून हे लिहिता येईना.

उभं राहून सांगणं

आमच्याकडे सादरीकरण म्हटलं की कामाची वाटणी ठरलेली असते: ज्याचं अक्षर चांगलं तो लिहितो, ज्याचा हात चांगला तो चित्र काढतो, आणि ज्याचा आवाज मोठा तो बोलतो. बोलणाऱ्याने काढलेलं नसतं, म्हणून तो पाठ करतो. काढणाऱ्याला बोलायचं नसतं, म्हणून त्याला विचार करावा लागत नाही. आम्ही ही वाटणी बंद केली. ज्याने जो भाग काढला, त्याने त्याच भागावर काठी ठेवून बोलायचं. कागद हातात नाही. चित्रकलेत मागे असलेल्यांसाठी ट्रेसिंग होतं, कापून चिकटवणं होतं, दोर आणि फक्की होती.

सराव वर्गातच झाला, आणि ऐकणाऱ्यांना काम होतं: मध्येच कुठेही हात वर करून 'कशावरून?' विचारायचं. उत्तरं चारच चालतील: हाड सापडलं आहे, नातेवाइकावरून, आमची कल्पना, आणि चौथं, माहीत नाही, शोधून सांगतो. सुरुवातीला चौथं उत्तर देताना मुलं खाली बघत. सवयीने ते गेलं. आवाज, उभं राहणं, श्रोत्यांकडे बघणं यांवर मी वेगळी तालीम घेतली नाही. काठी चित्रावर असली की मूल आपोआप चित्राकडे आणि मग ज्याने विचारलं त्याच्याकडे बघतं.

आदल्या आठवड्यात काही मुलं नाल्यातून 'हाडासारखे' दगड घेऊन आली. उत्साह मोडायचा नव्हता, पण जीवाश्म उचलून आणला की तो कोणत्या थरात, कशाशेजारी होता ही माहिती जागेवरच हरवते. मी त्यांना गुजरातमधल्या ढोली डुंगरीची गोष्ट सांगितली. तिथल्या अंड्यांच्या घरट्यातला एक खडक धनंजय मोहबे यांनी १९८० च्या दशकात शोधला. त्यातली सगळी हाडं डायनासोरच्या पिल्लाची समजली जात होती. २००१ साली जेफ्री विल्सन यांनी तो पुन्हा पाहिला तेव्हा त्यात सापाचे मणके दिसले. साडेतीन मीटर लांबीचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून, शेजारी पिल्लू. २०१० मध्ये त्याला सनाजेह इंडिकस हे नाव मिळालं. अंडं, पिल्लू आणि साप वेगवेगळे उचलून वेगवेगळ्या घरी गेले असते, तर ही गोष्ट कुणाला कळलीच नसती. दुसऱ्या दिवशी दगड जिथले तिथे ठेवून, शेजारी पट्टी ठेवून काढलेले फोटो आले. ते फोटो अहवालात आहेत, 'हाड आहे की दगड, तज्ज्ञाला विचारायचं' या ओळीसह.

सादरीकरण शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जोडून झालं. पालक बऱ्यापैकी आले होते. अपेक्षेप्रमाणे रंगवलेला तक्ता आधी सगळ्यांना आवडला, पण गर्दी थांबली ती करपलेल्या पानांपाशी. एका आजोबांनी विचारलं, "करपा कोणता, मिरचीवर येते तोच का?" मुलगी म्हणाली, "त्याच्या घराण्यातला, आबाजी. तोच आहे का ते मले माहीत नाही." आजोबांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाकला: मग हा प्राणी मेला कशाने? काठी दुसऱ्या मुलाकडे गेली. त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी; मेक्सिकोत आदळलेली मोठी उल्का हे त्याचं मुख्य कारण मानतात, आणि त्याच सुमारास आपल्याकडे लाव्हा वाहत होता, त्याचा किती वाटा याचा वाद चालू आहे. "पण हा डोंगरगावचा एकटा कशाने मेला, ते आम्हाले नाही मिळालं." तयार उत्तर नव्हतं हे, पाठही केलेलं नव्हतं.

सगळंच जमलं असं नाही. एका गटाने भारताचं सरकणं दाखवायला जो नकाशा काढला, त्यात आजचा हिमालय जागेवरच होता. तो भारत आशियाला धडकल्यानंतर उचलला गेला, हे त्यांना सरावात सांगितलं होतं, पण नकाशा म्हटलं की हात सवयीने हिमालय काढतो. तो प्रश्न पालकांतून आला नाही, सातवीच्या एका मुलाकडून आला, आणि गटाला चौथं उत्तर द्यावं लागलं. मोठे आकडे तोंडी सांगताना कोटी आणि लाख यांची अदलाबदल शेवटपर्यंत होत राहिली. दोर मैदानावर समजतो, बोलताना सुटतो. पुढच्या वेळी बोलतानाही दोराचा एक लहान तुकडा हातात द्यायचा विचार आहे.

मूल्यमापन

गुण देण्यासाठी मी लेखी चाचणी घेतली नाही. काही दिवसांनी प्रत्येकाला एक नवं छापील चित्र दिलं: शंकूच्या ज्वालामुखीसमोर लढणारे दोन डायनासोर, भोवती फुलं, वर उडणारे प्राणी, खाली वाळवंट. विचारलं, या चित्रकाराला कोणकोणते प्रश्न विचाराल? जी मुलं एरवी दोन ओळींपुढे जात नाहीत, त्यांनी समास भरून प्रश्न लिहिले. काहींनी नुसतं 'कशावरून?' सगळीकडे चिकटवलं, त्यांना मी कमी गुण दिले. प्रश्न नेमका हवा. 'हे दोघे एकाच ठिकाणचे आहेत का?', 'एकाच काळातले आहेत का?', 'लढत होते हे हाडांवरून कळतं का?' असे प्रश्न लिहिणाऱ्यांना पूर्ण.

ज्यांच्या तालुक्यात डायनासोर नाही, त्यांच्याकडे दुसरं काही असतंच. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, कातळशिल्पं आहेत. तिथे पुरावाच एक चित्र आहे, आणि कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या आत कोरलेले प्राणी मोजण्यापासून सुरुवात करता येईल. शिरूरजवळ घोड नदीकाठी इनामगाव आहे, जिथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनी, चुली आणि धान्य मिळालं. तिथे घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलंही सापडली आहेत, आणि सहावीच्या वर्गात तो भाग कसा मांडायचा याचा विचार शिक्षकाने आधी एकट्याने करून ठेवावा लागेल. तीन रेघांचा नियम दोन्हीकडे चालेल. फक्त कातळशिल्पांत काळी रेघ कातळावरची नक्षी जशी आहे तशी उतरवायला वापरायची, आणि तो प्राणी कोणता हे निळ्या रेघेत सांगायचं.